नायिकेच्या हाती बंदूक दिली, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: ॲक्शनपटांत बाई एकतर वाचवायची वस्तू असते, नाहीतर दहा जणांना लोळवणारी पण स्वतःची गोष्टच नसलेली बाहुली असते, पुरुष मात्र सदानकदा दगड. हे साचे नेमके कुठे तयार होतात, आणि लिहिताना, चित्रित करताना ते मोडायचे कसे? नायिकेच्या हाती बंदूक दिली की काम झालं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. हाणामारी कोण करतं हे पडद्यावर सगळ्यात आधी दिसतं, म्हणून चर्चा तिथेच अडकते. पण साचा बसलेला असतो तो दोन वेगळ्याच जागी: निर्णय कोण घेतं, आणि त्या निर्णयाची किंमत कोणाच्या अंगावर पडते. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय बंदूक, तलवार, मोटारसायकल यांतलं काहीही कोणाच्याही हाती देऊन फरक पडत नाही.

शिवाय हाती शस्त्र घेतलेली बाई ही काही नवी गोष्ट नाही. १९१४ सालीच अमेरिकेत ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’ या मूकपट मालिकेतली नायिका धावत्या आगगाड्यांवर उड्या मारत होती. १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादिया चाबूक घेऊन उतरली, तेही स्वतःचे स्टंट स्वतः करत. १९६६ मध्ये किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये चेंग पेई-पेई खानावळीत बसल्या जागी गुंडांची टोळी जोखते. तेव्हा ‘आता कुठे बायका लढायला लागल्या’ हे म्हणणंच चुकीचं. लढणं जुनंच आहे. साचा दर पिढीत कपडे बदलून परत येतो, इतकंच.

तो सगळ्यात आधी येतो पटकथेत, पात्राच्या पहिल्या ओळीत. एकाच पानावरच्या अशा दोन ओळी कुठेही सापडतील: ‘विक्रम, चाळिशीचा, माजी कमांडो, डाव्या गुडघ्याला जुनी दुखापत.’ आणि खाली: ‘माया, सत्तावीस, देखणी, डोळ्यांत धग.’ विक्रमच्या गुडघ्याचा उपयोग ऐंशीव्या पानावर होणार आहे. जिना चढताना तो लचकेल, खलनायकाला ते दिसेल, तो तिथेच लाथ घालेल. डोळ्यांतल्या धगीचं फाइट मास्टरनं काय करायचं? पहिल्या ओळीत जे नाही ते पुढे कोणत्याच विभागाकडे पोचत नाही. वेशभूषावाला ‘देखणी’ वाचून कपडे ठरवतो, कॅमेरामन तेच वाचून लेन्स निवडतो. म्हणून प्रत्येक पात्राच्या पहिल्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: त्याला काय येतं, काय येत नाही, आणि शरीराची एखादी खरी मर्यादा. रूप लिहायचंच असेल तर दोघांचंही लिहा.

दुसरी तपासणी निर्णयांची. पटकथेची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक दृश्याच्या शेवटी समासात एकच नाव लिहायचं: गोष्टीची दिशा ज्याच्या निर्णयानं वळली त्याचं. इथे फसगत होते ती कौशल्याला निर्णय समजल्यानं. नायिका संगणकतज्ज्ञ असते, कुलूप तीच उघडते, विषाचा उतारा तिलाच ठाऊक असतो. पण ‘चल, आत शिरू’ हे नायकच म्हणतो. तिनं माहिती दिली, निर्णय त्याचा झाला. समासात त्याचंच नाव लिहायचं. असं शंभर पानं केल्यावर तिचं नाव तीनदा आलं असेल, तर ती सहनायिका नसून माहिती पुरवणारी खिडकी आहे.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित: चूक करायची मुभा. ॲक्शनपटाचा नायक पहिल्या अर्ध्या तासात घोडचूक करतो. गर्व, दारू, चुकीच्या माणसावर विश्वास, काहीही. उरलेला सिनेमा त्या चुकीची भरपाई असतो आणि प्रेक्षक त्याच भरपाईला चिकटून राहतो. नायिका मात्र पहिल्याच दृश्यात निष्णात असते, कुठे चुकत नाही, म्हणून शिकतही नाही, आणि म्हणून तिला कथाच उरत नाही. समीक्षक ताशा रॉबिन्सन यांनी २०१४ मध्ये या प्रकाराला ‘मेट्रिक्स’मधल्या ट्रिनिटी या पात्रावरून ‘ट्रिनिटी सिंड्रोम’ असं नाव दिलं: दमदार प्रवेश करणारी बाई, जिला पुढे करायला काही कामच नसतं. बाईला कमकुवत दाखवल्याचा आरोप नको म्हणून लेखक तिच्या सगळ्या त्रुटी पुसतो आणि तिला निर्जीव करून ठेवतो. हेतू चांगला, परिणाम तोच.

पथकात ती एकटीच असली की हे हमखास घडतं. पाच पुरुष आणि एक बाई असं पथक असेल तर पुरुषांत एक भित्रा, एक लोभी, एक विनोदी, एक तापट असं वाटून देता येतं; एकट्या बाईला यातलं काहीही दिलं की ते ‘बायका अशाच असतात’ असं वाचलं जातं. काथा पॉलिट यांनी १९९१ मध्ये लहान मुलांच्या कार्यक्रमांसंदर्भात या मांडणीला, ‘स्मर्फ्स’ या कार्टूनमधल्या एकुलत्या स्त्रीपात्रावरून, ‘स्मर्फेट प्रिन्सिपल’ म्हटलं. पण ती सगळ्यात पक्की रुजलीय प्रौढांच्या युद्धपटांत आणि दरोडापटांत. उपाय सरळ आहे. पथकात दुसरी बाई आणा, शक्यतो तिसरीही, आणि मग एकीला भित्री, एकीला लोभी बिनधास्त करा. स्वभावाचा भार वाटला गेला की कोणालाच आदर्श व्हावं लागत नाही.

पात्रांची स्त्री-पुरुष अदलाबदल करून वाचणं हा जुना आणि उपयोगी प्रयोग आहे. ‘एलियन’च्या (१९७९) मूळ पटकथेत नोंदच होती की जहाजावरची सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कोणीही साकारू शकतं. नायिका रिप्ली त्यातून आली. ती आधी अधिकारी आहे, नियम सांगते, दार उघडायला नकार देते, आणि तिचा नकार बरोबर ठरतो. पण अदलाबदल म्हणजे नुसती नावं बदलणं नव्हे, हे ‘सॉल्ट’च्या (२०१०) बाबतीत दिसलं. भूमिका आधी पुरुषासाठी लिहिलेली होती. त्या आवृत्तीत नायक पत्नीला वाचवतो. भूमिका अँजेलिना जोलीकडे गेल्यावर बायकोनं नवऱ्याला वाचवणं त्या नवऱ्याला कमीपणा आणणारं वाटू लागलं, म्हणून तो भाग बदलावा लागल्याचं दिग्दर्शक फिलिप नॉइस यांनी उघडपणे सांगितलं होतं. तयार सिनेमात नवरा तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो. नीट पाहा, साचा इथे नायिकेवर नाही, नवऱ्यावर बसलेला आहे. वाचवलं जाणं हे बाईसाठी स्वाभाविक आणि पुरुषासाठी लाजिरवाणं, हा तो साचा. नायिका बदलली तरी तो हलला नाही.

उलट बाजूनं, नायकासाठी मरणाऱ्या बायकोचा विषयही इथेच संपवू. १९९४ च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमध्ये नायकाच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं सापडतं. त्यावरून गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ नावाची यादीच केली: नायकाला पेटवण्यासाठी मारल्या, छळल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची. याचा अर्थ बाई मरताच कामा नये असा नाही. मरण्याआधीच्या दृश्यात तिनं स्वतःचा काही निर्णय घेतला का, आणि तिच्या मरणानं तिचं स्वतःचं, नायकाशी संबंध नसलेलं काही अर्धवट राहिलं का, एवढं विचारा. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तिच्या जागी चोरीला गेलेलं घड्याळ ठेवलं तरी पटकथा तशीच चालेल.

आता प्रत्यक्ष हाणामारीकडे. पंचावन्न किलोची व्यक्ती नव्वद किलोच्या माणसाच्या जबड्यावर उघड्या मुठीनं ठोसा मारते, तो उडून टेबलावर पडतो, असं दृश्य आलं की प्रेक्षक मनातल्या मनात सिनेमाचा हात सोडतो. मग आपणच म्हणतो, ‘बायकांची मारामारी पटत नाही.’ न पटण्याचं कारण बाई नाही, वजन आहे. जबड्याच्या हाडावर मूठ आपटली की करंगळीखालचं तळहाताचं हाड मोडू शकतं. हे पुरुषाचंही मोडतं, फक्त त्याच्या बाबतीत आपण माफ करायला शिकलोय. हलक्या माणसानं मूठ टाळून तळहाताची टाच, कोपर, गुडघा वापरायचा. जबड्याऐवजी गळा, डोळे, नडगी, बोटांचे सांधे निवडायचे. आणि दरवाजा, जिना, टेबलाची कड यांना कामाला लावायचं. प्रतिस्पर्ध्याचं वजन त्याच्याच विरुद्ध वळवायचं. नृत्यदिग्दर्शनासारखी प्रत्येक हालचाल बांधताना तिला तीन ठोके द्या: हल्ला, त्याची तिच्या शरीरावर दिसणारी किंमत, आणि त्यातून सुचलेला पुढचा डाव. मधला ठोका गाळला की दृश्य कसरतीचं होतं. नायिकेच्या बाबतीत गाळला जातो तो नेमका हाच.

‘ॲटॉमिक ब्लाँड’मधली (२०१७) जिन्यातली मारामारी या मधल्या ठोक्यासाठी पाहावी. दिग्दर्शक डेव्हिड लीच स्वतः आधीचे स्टंटमन. अनेक तुकडे जोडून अखंड भासणारं ते दृश्य जसं पुढे सरकतं तशी नायिका मंदावते, धापा टाकते, भिंतीचा आधार घेते, तिचे ठोसे चुकतात. समोरचाही तितकाच झिंगतो. शेवटी दोघंही उभं राहण्यासाठीच धडपडत असतात.

याउलट मांड्यांनी मान पकडून गिरकी घेत आडवं पाडण्याचा डाव आता इतका घासून गुळगुळीत झालाय की स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे शॉट्सच्या चित्ररूप आराखड्यात, दिसला की खोडावा. तो सरसकट बायकांनाच दिला जातो, पुरुषाला क्वचितच. एवढं एकच निरीक्षण पुरेसं आहे. तसंच शेवटच्या लढाईत नायक खलनायकाशी आणि नायिका खलनायकाच्या हस्तक बाईशी, अशी जोड्या लावलेली वाटणी. पटकथेत तिचं वैर खलनायकाशी असेल तर तिची लढाईही त्याच्याशीच व्हायला हवी.

कपड्यांचा प्रश्न लोक नैतिकतेचा समजतात. सेटवर तो सुरक्षिततेचा असतो. स्टंट करणाऱ्या माणसाच्या कपड्यांखाली गुडघा, कोपर, कंबर आणि पाठीचे पॅड असतात. वायरवर उडायचं असेल तर हार्नेस असतो, त्याचे पट्टे मांड्यांना आणि कमरेला आवळलेले. नायकाच्या जॅकेट-पँटखाली हे सगळं मावतं. नायिकेच्या तोकड्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत पॅड ठेवायला जागाच नसते. म्हणजे त्याच जिन्यावरून तशीच गडगडत येणारी तिची डुप्लिकेट जवळजवळ उघड्या हाडांवर पडते. वेशभूषेच्या पहिल्या बैठकीला स्टंट समन्वयकाला बसवा, आणि प्रत्येक पोशाखाचे दोन आकार शिवून घ्या: एक नेहमीचा, एक पॅडसकट. बाह्या लांब, पँट सैल, बूट सपाट. टाचांचे बूट क्लोजअपला हवेच असतील तर धावण्याच्या लाँग शॉटसाठी त्याच रंगाचा सपाट जोड हवाच. छातीचे दोन उंचवटे कोरलेलं धातूचं चिलखत तर उलटं काम करतं: मधली खाच येणारा वार छातीच्या हाडाकडेच वळवते.

मोकळ्या केसांबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. केस मोकळे ठेवण्यामागे दर वेळी सौंदर्याचा सोस नसतो; डुप्लिकेटचा चेहरा झाकायला ते सोयीचे पडतात. पण वेणी किंवा अंबाडा घालून कॅमेऱ्याचा कोन तीस अंश मागे घेतला तरी चेहरा लपतो. आणि डुप्लिकेट बाईच असावी. पुरुषाला विग चढवून उभं करण्याची पद्धत बराच काळ सर्रास चालली. खांदे, मान, धावण्याची लय लगेच फरक सांगतात, आणि स्टंट करणाऱ्या बायकांचं कामही जातं. ‘शोले’तल्या (१९७५) टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या, काम जमत नाही हा मुद्दा तेव्हाही नव्हता.

तयारीच्या वेळेचंही असंच. नायकाची निवड आधी होते, त्याला सरावाला तीन-चार महिने मिळतात. नायिका शेवटी ठरते, तिच्या वाट्याला जेमतेम तीन आठवडे. मग तिच्या मारामारीत दर सेकंदाला कट, अर्धी दृश्यं पाठमोरी, आणि निष्कर्ष काय तर ‘तिला जमलं नाही’. हा वेळापत्रकाचा दोष आहे.

कॅमेऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी नजरेवरचा निबंध १९७५ चा. सेटवर मात्र सिद्धान्तापेक्षा एक साधी कसोटी कामाला येते: हालचाल करणारा अवयव चौकटीत आहे का? ती कुलूप उघडतेय आणि चौकट कमरेवर आहे. ती नेम धरतेय आणि कॅमेरा पायांपासून वर सरकतोय. अशी चौकट ॲक्शनची नाही. मॉनिटरवर कुठेही थांबवा आणि विचारा, ‘पुढच्या क्षणी काय होणार हे यातून कळतंय का?’ कळत नसेल तर तो शॉट दुसऱ्याच कशासाठी तरी घेतलाय.

चौकटीचं उलट उदाहरण ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये (२०१५) आहे. रात्रीची दलदल, पाठलागावरचा प्रकाशझोत जवळ येतोय, मॅक्सचा नेम चुकलाय आणि रायफलमध्ये एकच गोळी उरलीय. नायिका फ्युरिओसा मागे येऊन उभी राहते. तो काही न बोलता रायफल तिच्याकडे देतो आणि गुडघ्यावर बसून राहतो. ती त्याच्या खांद्यावर नळी टेकवते, श्वास रोखायला सांगते, गोळी झाडते. भाषण नाही, ‘तू माझ्यापेक्षा सरस’ असली कबुली नाही. निर्णय दोघांचा, किंमत त्याच्या कानाची. एवढ्या कमी अवधीत इतकं नेमकं काम फार थोड्या पटकथांनी केलंय.

जखमांचा तक्ता ठेवा. मेकअप आणि कंटिन्युइटी (दृश्यांतलं सातत्य सांभाळणारा विभाग) या दोघांकडे प्रत्येक पात्राची जखम कोणत्या दृश्यात झाली, कुठे, आणि पुढे किती दृश्यं टिकते याची नोंद हवी. त्याची भुवई फाटते, डोळा सुजतो, शेवटपर्यंत तसाच राहतो. तिच्या गालावर एक नाजूक लाल रेघ उमटते आणि पुढच्या दृश्यात गायब. ध्वनीतही हेच घडतं. त्याच्या ठोशाखाली जड, खर्जातला थर दिला जातो, तिच्या ठोशाला नुसता चटका. धडपडीचे आवाज डबिंगच्या खोलीत उभ्याउभ्या काढून घेतले की किंचाळ्या मिळतात. आधी वीस जोर काढायला लावा, मग माइक सुरू करा, दोघांनाही.

पुरुषांच्या साच्याबद्दल मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण तो कोणाला साचा वाटतच नाही. मुखवटा घातलेले चाळीस हस्तक मरतात, ते सगळे पुरुष. त्यांत चार बायका मिसळून पाहा, दृश्याची चव लगेच बदलते, प्रेक्षक चुळबुळतो. म्हणजे बिनचेहऱ्याचं मरण पुरुषाच्या खाती आपण बिनबोभाट लिहून टाकलंय. नायकानं खांद्यातली गोळी दारू ओतून स्वतः काढायची, रडायचं फक्त कबरीपाशी आणि तेही पावसात. जांघेत लाथ बसली तर विनोद. आणि उघड्या छातीच्या दृश्याआधी नटानं पाणी तोडायचं, स्नायू ठसठशीत दिसावेत म्हणून. शरीर वस्तू होण्याचा हाही प्रकारच. खलनायक नीटनेटका, हळुवार बोलणारा, सुगंध लावणारा असला की तो ‘पुरेसा पुरुष नाही’ असं सुचवण्याची सवय तर फारच जुनी. भीती हे पुरुषपात्राला देता येणारं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. हात थरथरतोय म्हणून बंदुकीत गोळ्यांचं मॅगझिन बसत नाही, एवढ्यानं तणाव दुप्पट होतो.

चाचण्या वापरायच्या तर मर्यादा ओळखून. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका व्यंगचित्रपट्टीतली कसोटी विचारते: निदान दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलतात का? व्यंगचित्रपट्टीत ती होती अर्धवट विनोदात. ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) त्यात नापास होतो, कारण तिथे पडद्यावर पात्रंच मोजकी आहेत. उलट शॅम्पूबद्दल दोन वाक्यं टाकून कोणताही टुकार सिनेमा पास करता येतो. ‘पॅसिफिक रिम’मधल्या (२०१३) पात्रावरून आलेली माको मोरी कसोटी ॲक्शनपटाला जास्त लागू पडते: निदान एका बाईची स्वतःची कथारेषा आहे का, आणि ती पुरुषाच्या कथेला टेकू देण्यापुरती नाही ना? एका सिनेमाचा निकाल लावायला दोन्ही अपुऱ्या. पन्नास सिनेमे एकत्र ठेवले तर दोन्ही बोलक्या.

सर्वात शेवटचा साचा भाषांतरात घुसतो. इंग्रजीतलं ‘यू’ दोघांनाही सारखं. मराठी डबिंगमध्ये सारख्याच हुद्द्याचे दोन अधिकारी असले तरी तो तिला ‘तू’ म्हणतो आणि ती त्याला ‘तुम्ही’. हा निवाडा मूळ सिनेमानं केलेला नसतो, संवादलेखकानं केलेला असतो. कामाला बसण्याआधी कोण कोणाला काय म्हणतं याचा तक्ता हुद्द्यावरून करा, लिंगावरून नको. मूळात नुसतं ‘भित्रा’ असेल तिथे ‘बांगड्या भरल्यात का?’ घालायचं काही कारण नाही. भेकड, पळपुटा, शेपूट घालणारा असे शब्द आहेत की. आणि हेल्मेटखाली कोण आहे हे रहस्य असेल तर मराठी क्रियापद ते पहिल्याच वाक्यात फोडतं: ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’. तिथे भविष्यकाळ घ्या, ‘मी येईन’. सकर्मक भूतकाळ घ्या, ‘मी पाहिलं’, ‘मी त्याला मारलं’. ‘मला जायचंय’, ‘माझ्याकडून होणार नाही’, ‘मी सोडत नाही’ हेही चालतं. समोरच्यानं ‘तू गेलास’ किंवा ‘तू गेलीस’ऐवजी ‘तुम्ही गेलात’ म्हणायचं. ओठांची हालचाल सांभाळूनही अशी तीस-चाळीस वाक्यं सलग लिहिता येतात, आणि हेल्मेट उतरेपर्यंत प्रेक्षकाला काही कळत नाही.